विजयदुर्ग: पुण्याहून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली कित्येक वर्षं मी पुण्यातून माणसं गोळा करून विजयदुर्गला नेतो. पहिला प्रश्न करूळ घाटात येतो आणि शेवटचा परतीच्या वाटेवर, कोल्हापुरात तांबडा-पांढरा समोर आल्यावर. प्रश्न बहुतेक तेच असतात. दरवेळी घसा कोरडा करण्यापेक्षा उत्तरं एकदाची लिहून काढली. पुणेकर असल्यामुळे काही उत्तरांत मत घुसलं आहे, ते तेवढं चालवून घ्या.

विजयदुर्ग म्हणजे मालवणचा तो समुद्रातला किल्ला ना?

नाही. मालवणचा तो सिंधुदुर्ग. हर्णैजवळ आहे तो सुवर्णदुर्ग. विजयदुर्ग देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखावर आहे. घोटाळा होतो कारण जिल्ह्याचं नावही सिंधुदुर्ग आणि तिन्ही किल्ल्यांच्या नावात ‘दुर्ग’. आणखी एक फरक लक्षात ठेवा: सिंधुदुर्ग आणि सुवर्णदुर्ग बेटांवर आहेत, तिथे होडीने जावं लागतं. विजयदुर्गला तीन बाजूंनी पाणी आणि एका बाजूला जमीन आहे. त्या जमिनीच्या बाजूला पूर्वी खंदक होता, तो आता बुजला आहे. त्यामुळे तुम्ही चपला न भिजवता आत जाता. आंगऱ्यांच्या काळात हे इतकं सोपं नव्हतं.

किल्ला नेमका इथेच का बांधला?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि तो सगळ्यात कमी वेळा विचारला जातो. लोक तट बघतात, बुरुजावर फोटो काढतात आणि खाडीकडे पाठ करून उभे राहतात. खरा किल्ला त्या पाठीमागच्या पाण्यात आहे.

वाघोटन खाडी आत खारेपाटणपर्यंत गेली आहे, जवळजवळ चाळीस किलोमीटर. खारेपाटण हे जुनं बंदर. घाटावरचा माल तिथे उतरायचा आणि खाडीने समुद्रात यायचा. म्हणजे ज्याच्या हाती खाडीचं तोंड, त्याच्या हाती व्यापार. दुसरी गोष्ट, पावसाळ्यात कोकणच्या उघड्या समुद्रात जहाज ठेवता येत नाही. नांगर टाकायला आडोसा लागतो. अशी आत वळलेली, खोल तोंडाची खाडी म्हणजे आरमाराचं घर. मुखाशी मोठ्या जहाजालाही पाणी पुरतं, पुढे मात्र ते उथळ होत जातं. आपली गलबतं कमी पाण्यात चालणारी असल्यामुळे भरतीच्या पाण्याने आत सरकायची. पाठलागावर आलेल्या खोल बुडाच्या विलायती जहाजाला मुखाशीच थांबावं लागायचं, तेही थेट किल्ल्याच्या तोफांखाली.

घराचा दरवाजा बळकट असतो तो आतल्या ऐवजासाठी. इथे ऐवज म्हणजे खाडीत उभी असलेली जहाजं. हे डोक्यात ठेवलंत तर १७५६ साली काय घडलं ते समजायला सोपं जाईल.

किल्ला किती जुना आहे? शिवाजी महाराजांनी बांधला का?

मूळ बांधणी त्याहून जुनी. पन्हाळ्याच्या शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या काळातली, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीची मानतात. पुढे यादव, बहमनी, मग आदिलशाही. तेव्हा याला गिर्ये गावावरून ‘घेरिया’ म्हणत, आणि इंग्रजांच्या कागदांत शेवटपर्यंत तेच नाव चालू राहिलं. महाराजांनी किल्ला घेतला, वाढवला आणि नाव बदललं. पाच एकरांचा किल्ला सतरा एकरांचा झाला असं सांगतात.

महाराजांनी तो १६५३ मध्ये घेतला हे बरोबर आहे का?

सगळ्या फलकांवर हेच साल दिसेल. त्यामागचं कारण असं सांगतात की शके १५७५ या वर्षी ‘विजय’ नावाचं संवत्सर होतं, म्हणून नाव विजयदुर्ग. संवत्सराचा हिशोब मी स्वतः पंचांगावर ताडून पाहिला आहे, तो जुळतो. पण नकाशा जुळत नाही. १६५३ साली जावळीसुद्धा स्वराज्यात नव्हती, ती आली १६५६ मध्ये. कल्याण-भिवंडी १६५७ ची. घाटाखाली पाय ठेवायला जागा नसताना इतक्या दक्षिणेचा बंदरी किल्ला घेऊन टिकवायचा, हे मला पटत नाही. महाराजांनी किल्ला घेतला यात शंका नाही, सालाबद्दल मात्र मी हात आखडता ठेवतो. एका सहलीत यावरून दोन काका कणकवलीपासून गगनबावड्यापर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत, म्हणून हल्ली हा विषय मी जेवण झाल्यावर काढतो.

आत काय बघायचं? अर्ध्या तासात होतो का?

अर्ध्या तासात सेल्फी होते. किल्ल्याला किमान तीन तास द्या.

प्रवेश जिभीच्या दरवाजाकडून. तिथली वाट अशी मुरडली आहे की मुख्य दरवाजा समोरून दिसतच नाही. हत्तीने किंवा ओंडक्याने धडक द्यायला सरळ धाव मिळू नये, शिवाय वळणावर वरून दोन्ही अंगांनी मारा करता यावा, यासाठी ही रचना. दरवाजाशी मारुती आहेच. पुढे तिहेरी तटबंदी. सगळ्यात बाहेरच्या तटाला पडकोट म्हणतात. तट जांभ्याचा आणि काळ्या दगडाचा आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर कठीण होत जातो, हे कोकणातल्या कुठल्याही गवंड्याला विचारा.

आत भवानीचं देऊळ, सदर, खलबतखाना, दारूकोठार. बुरुजांची नावं ऐकायला गोड आहेत: मनरंजन, गगन, दर्या, व्यंकट, हनुमंत. मला स्वतःला खुबलढा बुरूज आवडतो. तिथून खाडीचं तोंड तळहातासारखं दिसतं आणि जहाजाला कुठून यावं लागत असेल ते न सांगता कळतं. भिंतींतल्या जंग्या, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेली तिरकी भोकं, एकदा डोळा लावून बघा. प्रत्येकीचा रोख वेगळा आहे.

तटाचे काही भाग ढासळलेले आहेत. पावसाळ्यात कडेला जाऊ नका. ‘काही होत नाही हो’ म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

पाण्याखालची भिंत खरी आहे की गाइड लोकांची कथा?

खरी आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथे पाहणी केली आहे. जांभ्याची भिंत, सुमारे १२२ मीटर लांब, सात मीटर रुंद आणि तीनेक मीटर उंच. शत्रूची जहाजं नकळत तिच्यावर आपटून फुटायची, असं गावात सांगतात. पाण्याखाली इतकं बांधकाम कोणी, कधी आणि कसं केलं, यावर गावात प्रत्येकाचं वेगळं उत्तर आहे आणि प्रत्येक जण ते छातीठोकपणे देतो. ऐकायला मजा येते. भिंत मात्र किनाऱ्यावरून दिसत नाही, त्यामुळे दुर्बीण घेऊन उभं राहू नका.

कान्होजी आंगरे चाचे होते का? इंग्रजीत तसंच लिहिलेलं वाचलं.

ज्यांची जहाजं त्यांनी पकडली त्यांच्या कागदांत होते. चोराच्या फिर्यादीत कोतवालाचं वर्णन जसं येईल तसं.

त्या काळी समुद्रावर हक्क सांगायची रीत परवान्याची होती. पोर्तुगीज आपले परवाने सक्तीने विकायचे, इंग्रज आपले द्यायचे. मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, म्हणून कान्होजींनी तेच केलं: आमच्या किनाऱ्यावरून जायचं तर आमचं दस्तक घ्या. न घेणाऱ्याचं जहाज पकडलं जायचं. मुंबईच्या इंग्रजांना दुसऱ्यांना आपलं दस्तक घ्यायला लावणं चालायचं, स्वतः घेणं कमीपणाचं वाटायचं. भांडण तिथून सुरू झालं. सरखेल हे छत्रपतींनी दिलेलं पद आहे, सरकारी हुद्दा. आज एखाद्या देशाच्या तटरक्षक दलाने जहाज अडवलं तर आपण त्याला चाचा म्हणत नाही.

कान्होजींचे पुत्र तुळाजी यांच्या काळाबद्दल मात्र मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. त्यांच्या माऱ्यातून मराठी मुलूखही सुटला नव्हता. ते पुढे येतंच.

गुराब आणि गलबत यांत फरक काय?

गुराब मोठं: दोन किंवा तीन डोलकाठ्या, दीडशे ते तीनशे टनांचं, काही त्याहूनही मोठी. बूड रुंद आणि उथळ. नाळ पुढे निमुळती होत गेलेली, आणि तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत लहान, साधारण सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं.

युक्ती या जोडीत होती. वारा पडला की विलायती जहाज जागच्या जागी लाकडाच्या ओंडक्यासारखं उभं राहायचं. मग गलबतं वल्ह्यांनी गुराबांना ओढत आणायची, तीही शत्रूच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफा कमी असतात. आधी डोलकाठ्या आणि शिडं फाडायची, मग चारी बाजूंनी गलबतं चिकटवून माणसं वर चढवायची. खोल समुद्रात, जोराच्या वाऱ्यात ही पद्धत फार चालत नसे. किनारा, खाडी आणि पडलेला वारा हे तिचे मित्र.

समुद्रावरून हा किल्ला कोणी घेऊ शकलं नाही, हे कितपत खरं?

१७५६ पर्यंत खरं. १७१७ साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने आरमार पाठवलं. गोळे तटाला लागून घरंगळले, शिड्या अपुऱ्या पडल्या, मंडळी परत गेली. १७२० मध्ये ‘फ्रॅम’ नावाचा तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून आणला, त्यावर जबरदस्त तोफा चढवल्या. त्याचाही उपयोग झाला नाही. १७२४ मध्ये डच सात जहाजं घेऊन आले आणि तसेच गेले. ‘पूर्वेचं जिब्राल्टर’ हे बिरूद अशा अनुभवांतून चिकटलं. (पुण्याला पूर्वेचं ऑक्सफर्ड म्हणतात तशातलीच ही गोष्ट. आपल्याला आपलं नाव पुरत नाही.)

कान्होजी १७२९ मध्ये वारले. पाठोपाठ त्यांचे पुत्र सेखोजी १७३३ मध्ये गेले. मग भावांत फूट पडली. १७३५ च्या वाटणीत कुलाबा मानाजींकडे आणि सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग संभाजी आंगऱ्यांकडे, सरखेल पदासह. एका आरमाराची दोन झाली. या वाटणीत पुण्याचा हात होता, आणि तो भाऊबंदकी मिटवायला होता की वाढवायला, यावर पैज लावायला मी तयार नाही. संभाजींनंतर तुळाजी सरखेल झाले.

मग इतका अजिंक्य किल्ला १७५६ मध्ये दोन दिवसांत कसा पडला?

कारण या खेपेला जमिनीच्या बाजूला पुण्याची फौज उभी होती.

क्रमाने सांगतो. १९ मार्च १७५५ रोजी पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात तुळाजींविरुद्ध करार झाला. पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव हे कोकणचे सरसुभेदार होते. एप्रिलच्या सुरुवातीला कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. पावसाळा गेल्यावर तो जेम्स विजयदुर्गची टेहळणी करून आला. त्याचा अहवाल फार मोलाचा ठरला: ऐकलं होतं तितकं काही अवघड नाही, मुखाशी पाणी भरपूर खोल आहे, मोठी जहाजं तटाच्या जवळ येऊ शकतात. म्हणजे इतकी वर्षं इंग्रजांना अडवलं होतं ते निम्मं दगडाने आणि निम्मं किल्ल्याच्या दराऱ्याने.

त्याच सुमारास ॲडमिरल चार्ल्स वॉटसन मुंबईत होता आणि रॉबर्ट क्लाइव्हही. असं आरमार मुंबईला पुन्हा कधी मिळणार? ‘केंट’, ‘कंबरलँड’, ‘टायगर’ अशी राजाच्या आरमारातली मोठी लढाऊ जहाजं, बाँबगोळे फेकणारी तरांडी आणि क्लाइव्हच्या हाताखाली तेराशे-चौदाशे सैनिक. निघण्यापूर्वी मुंबईत सगळे अधिकारी बसले आणि लुटीत कोणाचा वाटा किती हे ठरवून घेतलं. किल्ला अजून दिसलाही नव्हता. त्या वाटणीत पेशव्यांचं नाव नव्हतं.

फेब्रुवारीच्या ११ तारखेला आरमार विजयदुर्गसमोर आलं. तुळाजी किल्ल्यात नव्हते. किल्ला नातलगांच्या हाती सोडून ते पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेले होते. १२ तारखेला दुपारी जहाजं दोन रांगा करून खाडीच्या तोंडात शिरली. एक रांग किल्ल्यावर मारा करत होती, दुसरी आंगऱ्यांच्या जहाजांवर.

आणि तुळाजींचं आरमार होतं कुठे? किल्ल्याच्या आडोशाला, खाडीत, एकमेकांना बांधून. दुपारी चारच्या सुमारास एक गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे जहाज मूळचं इंग्रजांचंच, तुळाजींनी काही वर्षांपूर्वी पकडलेलं. ते पेटलं, त्याच्यावरून शेजारचं, मग पुढचं. चौऱ्याहत्तर तोफांचं मोठं जहाज, आठ-दहा गुराबं, साठेक गलबतं, गोदीत बांधायला घेतलेली जहाजं, संध्याकाळपर्यंत सगळं जळून गेलं. साठ वर्षांत उभं केलेलं आरमार एका दुपारी संपलं, आणि तेही समुद्रात लढून नव्हे, घरात बांधलेलं असताना.

त्या रात्री क्लाइव्हने आपले सैनिक जमिनीवर उतरवले. कुठे? किल्ला आणि मराठी छावणी यांच्या मधोमध. म्हणजे दोस्तांनाच आत जाता येऊ नये अशा जागी. १३ फेब्रुवारीला किल्ल्याने शरणागती पत्करली आणि तटावर इंग्रजांचं निशाण चढलं. इंग्रजांचे मेले-जखमी मिळून वीसच्या आसपास. आत दोनशेच्या घरात तोफा आणि दहा लाखांच्या आसपास रोकड व ऐवज मिळाला. आधी ठरल्याप्रमाणे त्यांनी तो आपापसांत वाटून घेतला.

नानासाहेब पेशव्यांनी मराठ्यांचं आरमार बुडवलं, हे खरं ना?

हा प्रश्न पुण्यात विचारला की सभागृहाचे दोन तट पडतात, तेही तिहेरी तटबंदीसह.

आधी नानासाहेबांची बाजू. तुळाजी पेशव्यांचा हुकूम मानत नव्हते. सावंतवाडी, कोल्हापूर, बावड्याचे अमात्य, विशाळगडचे प्रतिनिधी यांच्या मुलखावर त्यांच्या स्वाऱ्या चालू होत्या. राज्याचा एक सरदार स्वतंत्र राजासारखा वागू लागला तर पुण्यातल्या कारभाऱ्याने काय करायचं? सेनापती दाभाड्यांशी बाजीरावांनीही लढाई केलीच होती. एवढ्यापुरतं मी नानासाहेबांना दोष देत नाही.

दोष पुढच्या पायरीला आहे. घरातलं भांडण मिटवायला शेजाऱ्याला बोलावलं, ते ठीक. पण त्या शेजाऱ्याला तिजोरीची खोली दाखवली आणि आपण अंगणात उभे राहिलो. पुण्याच्या दरबाराला किल्ला हा किल्ला म्हणून कळत होता: तट, दरवाजा, शिबंदी, वसूल. घाटावरच्या माणसाची ती नजर. विजयदुर्गचं बळ तटात नसून खाडीतल्या लाकडात आहे आणि ते लाकूड जळालं तर नुसता तट हाती येऊन काही मिळणार नाही, हे कोणीतरी सांगायला हवं होतं. कदाचित कोणी सांगितलंही असेल.

‘नानासाहेबांनी आरमार बुडवलं’ हे वाक्य घोषणेसाठी बरं आहे. मी एवढंच म्हणेन की आरमार जळालं तेव्हा ते आपलंच आहे हे पुण्याच्या लक्षात आलं नाही. आणि दुसरं: तोच वॉटसन आणि तोच क्लाइव्ह पुढच्या वर्षी बंगालमध्ये होते. जून १७५७, प्लासी. विजयदुर्ग त्यांची रंगीत तालीम ठरला.

किल्ला इंग्रजांनी परत दिला का?

सहजासहजी नाही. त्यांनी त्याचं नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवून टाकलं होतं. पेशव्यांनी आमच्याशी न बोलता तुळाजीशी परस्पर बोलणी केली, म्हणजे करार तुम्हीच मोडलात, असा त्यांचा युक्तिवाद. महिनोन्महिने पत्रव्यवहार झाला. अखेर १२ ऑक्टोबर १७५६ च्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांकडे आला आणि बाणकोट व काही गावं इंग्रजांकडे गेली. सावित्रीच्या मुखावरच्या बाणकोटला त्यांनी ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ म्हटलं. ही व्हिक्टोरिया राणी नव्हे, ती तेव्हा जन्मालाही आली नव्हती. एवढं दर सहलीला एकदा सांगावं लागतं.

तुळाजींचं पुढे काय झालं?

उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत, एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर.

मग विजयदुर्गचं आरमार तिथेच संपलं?

नाही. पेशव्यांनी विजयदुर्गला आरमाराचा सुभा बसवला, पुढे आनंदराव धुळप त्याचे प्रमुख झाले. धुळपांचा वाडा गावात आहे. १७८३ च्या एप्रिलमध्ये धुळपांच्या आरमाराने ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज पकडून विजयदुर्गला आणलं. हातघाईची, रक्ताची लढाई झाली. गंमत अशी की मराठे आणि इंग्रज यांच्यातला सालबाईचा तह आधीच झाला होता, त्यामुळे पुण्याला जहाज आणि माणसं सोडून द्यावी लागली. धुळपांना काय वाटलं असेल! जिंकून आणलेलं जहाज खाडीतून परत जाताना बघायचं.

१८१८ मध्ये पेशवाईबरोबर विजयदुर्गही इंग्रजांकडे गेला.

हेलियमचा शोध विजयदुर्गला लागला, हे शाळेच्या सहलीत ऐकलं होतं.

मीही सांगत होतो. सदाशिव पेठेतल्या एका व्याख्यानात ऐटीत सांगितलं आणि मागच्या रांगेतल्या एका कॉलेजच्या मुलीने उभं राहून, अगदी नम्रपणे, माझी विकेट काढली.

हकीकत अशी. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, विजयदुर्गला नाही. नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा कोणत्याही माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना, तिच्यावरून हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, रॅम्झीला. मग विजयदुर्ग कुठून आला? लॉकियर इथे खरोखर आला होता, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ त्या मोहिमेतल्या दुर्बिणींसाठी बांधलेले. दोन ग्रहणांची गोष्ट एकात मिसळली आणि आता १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. होऊ दे. त्या निमित्ताने मुलं वर्णपटाबद्दल ऐकतात.

पुणेकरांसाठी यात एक तुकडा राखून ठेवला आहे. त्याच १८९८ च्या ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले, म्हणजे आजच्या सीओईपीतले, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी जेऊरला आपली दुर्बीण उभारली होती. पुण्यात त्यांची वेधशाळा भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिली होती. तिची वीस इंची दुर्बीण पुढे कोडाईकनालला गेली. ओट्यांवर उभं राहून लॉकियरचं नाव घेताना नायगमवालांचंही घ्या.

गोदी कुठे आहे? गाइडने दाखवली नाही.

किल्ल्यापासून साधारण तीन किलोमीटरवर, गिर्येच्या बाजूला खाडीलगत. खडकात खोदलेली, सुमारे १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की बुडाची डागडुजी करायची. ओहोटीच्या वेळी गेलात तरच नीट कळतं. वाटेत रामेश्वराचं देऊळ लागतं, खडक कापून केलेली उतरती वाट आहे. संभाजी आंगऱ्यांची समाधी तिथेच. किल्ला बघून गोदी न बघणं म्हणजे वाडा बघून स्वयंपाकघर न बघणं.

पुण्यात बसून काही बघता येतं का?

येतं. पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आहे, सदाशिव पेठेत १९१० मध्ये राजवाड्यांनी सुरू केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. आरमाराचे हिशोब, कोकणातल्या अंमलदारांची पत्रं अशा कागदांत सापडतात. मोडी यायला हवी. मोडीचे वर्ग पुण्यात भरतात, शिकायला वाटतं तितका वेळ लागत नाही, अक्षर लागायला मात्र लागतो.

युनेस्कोच्या यादीत आला म्हणजे काय झालं?

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्य’ म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यात विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे चार सागरी. आपल्या पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड, राजगड. फलक नवे लागतील. खंदकातला कचरा कोण उचलणार, ते यादीत नाही.

पुण्याहून कसं आणि केव्हा जायचं?

कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे आणि तिथून विजयदुर्ग. पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. घाटाची स्थिती निघण्याआधी विचारून घ्या, बंद असला तर भुईबावडा घाट आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये उकाड्याने जीव जातो, पण देवगडचा हापूस हाताशी असतो, निर्णय तुमचा. एका दिवसात जाऊन येण्याचा विचार करू नका. भरती-ओहोटीच्या वेळा तिथीवरून कळतात, गावातल्या कोणत्याही तांडेलाला विचारा, तो घड्याळ न बघता सांगेल.

दिवाळीत मुलांना विजयदुर्ग करायचा आहे. कसा करावा?

माती, विटा, पोतं हे सगळं नेहमीसारखंच. पण आधी मोठी परात घ्या आणि खाडी करा. तिची एक फांदी आत वळवा, लांबपर्यंत. किल्ला त्या तोंडाशी बसवा, तीन बाजूंनी पाणी येईल असा. तट तीन, दरवाजा वाटेवरून न दिसणारा. मावळे कमी ठेवा, कागदी होड्या जास्त. आमच्या सोसायटीतल्या पोरांनी गेल्या खेपेला सगळ्या होड्या दोऱ्याने एकत्र बांधून ठेवल्या होत्या, वाऱ्याने उलटू नयेत म्हणून. मी काही बोललो नाही, फक्त पणत्या जरा लांब सरकवल्या.